आखणीची हत्यारे घरीच बनवावीत का? गुण्या, खुणेची सुरी आणि मार्किंग गेज

गॅलरीतील सुतार (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार.

इंदिरानगरमधील सदनिकेच्या मागच्या गॅलरीत मी हौस म्हणून सुतारकाम करतो. एक बाकडे, दोन रंधे, काही पटाश्या, बारीक दातांची एक करवत आणि हातड्रिल इतकेच साहित्य तेथे मावते. मोठ्या यंत्रांना जागा नाही, आणि दुपारी यंत्र सुरू केले तर शेजारी बोलणे टाकतील हेही उघड आहे.

सध्या देवघराच्या खणाला डोव्हटेलचे, म्हणजे शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकणारे सांधे करण्याचा विचार आहे. सरावाच्या तुकड्यांवर करवत बऱ्यापैकी सरळ चालते, पटाशीलाही धार आहे, तरीही सांध्यात फट राहते. आणि बारकाईने पाहिले तर ती कापण्यामुळे नव्हे, आखण्यामुळे राहते असे दिसते. सुतारी पेन्सिलीची रेघ जाड असल्याने तिच्या कोणत्या बाजूने कापायचे हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. बाजारातून आणलेला गुण्या (काटकोन आखण्याचे हत्यार) सुलटा टेकवला तर एक रेघ देतो आणि उलटा टेकवला तर दुसरीच. परदेशी बनावटीच्या मार्किंग गेज (फळीच्या कडेपासून ठरावीक अंतरावर समांतर रेघ ओढणारे हत्यार) आणि खुणेच्या सुरीच्या किमती पाहिल्या, तर तेवढ्यात खणासकट अख्खे देवघर तयार विकत मिळेल.

म्हणून ही हत्यारे घरीच बनवावीत असे मनात आहे. पंचवटीतील एका नातेवाइकांचा जुना वाडा उतरवला तेव्हा दाराच्या चौकटीचे सागवान मला मिळाले. सातपूरला कारखान्यात असलेल्या मित्राने पॉवर हॅकसॉचे एक मोडके पाते दिले आहे, आणि घरात गुळगुळीत झालेल्या कानशीही पडून आहेत. या साहित्यातून प्रथम कोणते हत्यार करावे, लाकडी गुण्या आपल्याकडच्या पावसाळ्यात काटकोनात राहतो का, आणि सुरीसाठी हॅकसॉचे पाते बरे की कानस, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

ओळंबा (पंचवटी)

प्रथम सागवानाविषयी लिहितो. वाड्याच्या चौकटीत खिळे हमखास असतात आणि त्यांतील बरेच डोके तुटून आत राहिलेले असतात, म्हणून रंधा लावण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवावे. जेथे लाकडावर शाईसारखा काळा डाग दिसेल तेथे लोखंड आहे किंवा पूर्वी होते असे समजावे, कारण लाकडातील टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की हाच रंग येतो. सागात सिलिका असल्यामुळे रंध्याची धार लवकर बोथट होते, तेव्हा धारेचा दगड जवळच ठेवावा. एवढे सोडले तर त्या लाकडाइतके मुरलेले लाकूड आज वखारीत मागूनही मिळणार नाही.

आता क्रम. माझ्या मते पहिले हत्यार गुण्या नव्हे, तर सरळ पट्टी. आणि तीही एक नव्हे, दोन. साधारण ४०० मि.मी. लांबीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून शेगड्यात (बाकड्यावरच्या पकडीत) धराव्यात, दोघींच्या कडा एकदम रंधून काढाव्यात आणि मग पुस्तकासारख्या उघडून त्या कडा एकमेकींवर टेकवून उजेडासमोर धराव्यात. रंध्याने मध्ये पोट ठेवले असेल किंवा खळगा पाडला असेल, तर दोन्ही पट्ट्यांतील दोष एकत्र येऊन फट दुप्पट दिसते. उजेड कोठूनही येत नाही तोपर्यंत रंधत राहावे. येथे दुसऱ्या कोणत्याही हत्याराची साक्ष लागत नाही, आणि घरी हत्यारे करण्यातील खरी गोम मला तरी हीच वाटते: ज्याची तपासणी त्याच्याच साहाय्याने करता येते, ते निर्धास्तपणे घरी करावे.

गुण्या याच जातीचा आहे. एका फळीची कड त्या पट्टीने तपासून सरळ करावी, गुण्या कडेला टेकवून सुरीने रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर कोन बरोबर आहे. दूर गेल्या तर जे अंतर दिसते ते चुकीच्या दुप्पट असते, म्हणजे २०० मि.मी. वर रेघांमध्ये ०.२ मि.मी. अंतर असेल तर गुण्या ०.१ मि.मी. ने चुकलेला आहे. तुम्ही बाजारच्या गुण्याची हीच परीक्षा नकळत घेतलेली आहे.

बनवताना ठोकळा १५० मि.मी. लांब, ४५ रुंद आणि २२ जाड घ्यावा. पाते २३० लांब, ५० रुंद आणि ७ जाड. ठोकळ्याच्या एका टोकाला जाडीच्या मधोमध उघडी खाच करवतीने काढावी आणि पाते त्यात हाताच्या दाबाने बसेल असे रंधावे. हातोडी लागली तर पाते जाड आहे असे समजावे. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायची पृष्ठे ऐन वेळी ताजी रंधावीत किंवा अॅसिटोनने पुसावीत आणि मगच फेविकॉल लावावा. चिकटवताना कोन अंदाजे काटकोनात असला तरी चालते, कारण खरा काटकोन नंतर पात्याची बाहेरची कड रंधून आणायचा असतो. नीट लावलेल्या रंध्याची तलम साल सुमारे ०.०५ मि.मी. जाडीची निघते, म्हणून ०.१ मि.मी. ची चूक दोन सालींचे काम आहे. पहिली साल पात्याच्या ज्या टोकाकडे लाकूड जास्त आहे त्या अर्ध्यातच काढावी आणि दुसरी पूर्ण लांबीवर, म्हणजे कडेला उतार मिळतो. आतली कड मात्र घाईने करू नये. ती बाहेरच्या कडेला समांतर हवी, आणि ते गेज तयार झाल्यावर सोपे जाते.

पावसाळ्याची भीती रास्त आहे, पण ती बहुधा चुकीच्या ठिकाणी बाळगली जाते. साग हिरव्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो, तर लांबीच्या दिशेने ते आकसणे नगण्य असते. उन्हाळ्याच्या तुलनेत श्रावणात लाकडातील ओल ४ टक्क्यांनी वाढली असे धरले, तर ५० मि.मी. रुंदीचे सपाट चिरलेले पाते सुमारे ०.४ मि.मी. फुगेल आणि वलये जाडीच्या दिशेने उभी असलेले, म्हणजे त्रिज्येत चिरलेले पाते ०.१७ मि.मी. च्या आसपास. परंतु हे फुगणे रुंदीत होते आणि लाकडाच्या रेषा सरळ असतील तर दोन्ही कडा समांतरच राहतात, त्यामुळे कोनाला त्याचा त्रास होत नाही. गुण्या बिघडतो तो तिरक्या रेषांमुळे आणि पिळामुळे. म्हणून चौकटीच्या तुकड्यांची टोके ताजी कापून पाहावीत, आणि ज्याच्या टोकाला वलये जाडीच्या दिशेने उभी दिसतात व ज्याच्या अंगावर गाठीजवळचे वळण नाही, तोच तुकडा पात्यासाठी निवडावा. आषाढात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा उलटसुलट रेघेची परीक्षा घेतली म्हणजे पुरे.

सातपूर टूलरूम

सुरीविषयी लिहितो. लाकडाच्या बाबतीत वरच्या काकांच्या पुढे मी बोलणार नाही.

मित्राने दिलेले पाते संपूर्ण एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) आहे की बायमेटल, हे सर्वांत आधी पाहावे. बायमेटल पात्यात दातांची कडच तेवढी एचएसएसची असते आणि पाठ लवचिक पोलादाची असते, त्यामुळे पाठीकडून केलेली सुरी धार धरत नाही. ओळख सोपी आहे: पाठीवर चांगली कानस फिरवावी. कानस घसरून गेली आणि पाठीवर ओरखडाही उमटला नाही तर ते आरपार कडक आहे; कानशीने पोलाद कापले गेले तर ते बायमेटल आहे.

आरपार एचएसएस असेल तर ते घरच्या कार्यशाळेसाठी कानशीपेक्षा बरे, कारण ग्राइंडरवर ते निळे पडले तरी त्याचा कडकपणा जात नाही. सुमारे ५५० अंशांपर्यंत ते टिकून राहते. कानशीचे साधे कार्बन पोलाद मात्र ३०० अंशांच्या आसपास निळे होते आणि त्या ठिकाणची धार कामातून जाते. उलट कार्बन पोलाद घासताना वारंवार पाण्यात बुडवावे लागते, तर तापलेले एचएसएस एकदम पाण्यात बुडवू नये, त्याला बारीक तडे जाण्याची भीती असते.

पाते कापण्यासाठी पातळ कटिंग चकतीने दोन्ही बाजूंनी खोल चर पाडावा, ते शेगड्यात धरावे, वरून जाड फडके टाकावे आणि हातोडीने मोडावे. चष्मा लावल्याशिवाय हे करू नये, कारण हे पोलाद वाकत नाही, काचेसारखे उडते. दात ग्राइंडरवर पूर्ण काढून टाकावेत. एक बाजू संपूर्ण सपाट ठेवावी आणि उतार एकाच बाजूला द्यावा, कारण सपाट पाठ गुण्याच्या पात्याला चिकटून चालली तरच रेघ गुण्याच्या कडेवर पडते. दोन्ही बाजूंना उतार असलेला साधा चाकू रेघ कडेपासून ढकलतो. टोक भाल्यासारखे दोन्हीकडे तासले तर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी आखता येते. उताराचा कोन २५ ते ३० अंश पुरतो. डोव्हटेलच्या दोन शेपट्यांमधील अरुंद जागेत सुरी शिरायला हवी, आणि पॉवर हॅकसॉचे पाते साधारण २ मि.मी. जाड असते, म्हणून टोकाकडचा भाग उताराच्या बाजूने अधिक पातळ करावा. सपाट पाठीला हात लावू नये.

मुठीला पितळी खिळे ठोकण्याचा मोह होईल. साधे ड्रिल या पोलादाला भोक पाडत नाही, स्वतःच जळते. मुठीचे लाकूड मधोमध चिरून एका अर्ध्यात पात्याच्या जाडीची खाच करावी आणि अरल्डाइटने तिन्ही भाग एकत्र बसवावेत. पात्याचा मुठीतला भाग ग्राइंडरवर खडबडीत ठेवला म्हणजे पकड चांगली येते.

आधी काम (नाशिकरोड)

मत थोडे वेगळे आहे. हत्यारे बनवणे हा स्वतंत्र छंद आहे आणि तो मूळ छंद गिळून टाकतो, हे अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. देवघर करायचे असेल तर फिटर वापरतात तो १०० मि.मी. चा पोलादी काटकोन आणि एक चांगली पोलादी पट्टी विकत घ्यावी, दोन्ही वस्तू पेटीत ठेवाव्यात आणि त्या तपासणीपुरत्याच बाहेर काढाव्यात. सुरी आणि गेज घरी करण्यास माझी हरकत नाही, कारण त्यांत मोजमापाचा प्रश्न नसतो; गेज काय अंतर धरते हे शेवटी पट्टीच सांगते.

ओळंबा (पंचवटी)

वेळ कमी असणाऱ्याला हा सल्ला योग्यच आहे. फक्त विकत आणलेला पोलादी काटकोनही पहिल्या दिवशी उलटसुलट रेघेतून जाऊ द्यावा. पडलेला काटकोन दिसायला शाबूतच दिसतो.

गॅलरीतील सुतार (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मित्राचे पाते कानशीने तपासले. पाठीवर कानस लागते, म्हणजे ते बायमेटल निघाले. त्यामुळे सुरी आता जुन्या कानशीचीच करावी लागेल. कानस आहे तशी घासली तर टोक तुटते असे वाचले आहे. घरी ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे, त्यात ती थोडी मऊ करता येईल का? गेजविषयी कोणी लिहिलेले नाही. दांडा पक्का धरण्यासाठी स्क्रू बरा की पाचर, आणि टोकाला खिळा लावावा की चाक?

शिसवी पेटी (गंगापूर रोड)

गेज हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे थोडे पाल्हाळ सहन करावे.

दांडा २२० मि.मी. लांब आणि १८ मि.मी. चौरस घ्यावा, आणि फळीच्या कडेवरून सरकणारा ठोकळा ६५ गुणिले ६० गुणिले २२ मि.मी. चा. सागाचा ठोकळा चालतो, परंतु कडेवर घासणारी त्याची बाजू कालांतराने झिजते, म्हणून त्या पृष्ठावर शिसव किंवा खैर यांसारख्या कठीण लाकडाची पातळ पट्टी अथवा पितळी पट्टी बसवावी. नाशिकसारख्या तांब्या-पितळेच्या गावात पितळेचा तुकडा मिळवण्यासाठी फार हिंडावे लागू नये.

सगळे गेज ठोकळ्यातील चौकोनी भोकावर उभे असते. भोकाची आखणी ठोकळ्याच्या दोन्ही पृष्ठांवर एकाच कडेपासून करावी, मध्यभागी १६ मि.मी. चे भोक पाडावे आणि पटाशीने दोन्ही बाजूंकडून निम्म्यापर्यंतच खोदत यावे. एका बाजूने आरपार गेल्यास दुसऱ्या बाजूचे तंतू फुटून निघतात. भोक किंचित लहान ठेवावे आणि दांडा रंधून त्याला जुळवून घ्यावा, भोक वाढवत बसू नये. दांडा बोटाने ढकलला की सरकावा आणि हलवला तर डुगडुगू नये, असा तो बसला पाहिजे.

स्क्रूपेक्षा मला पाचर पसंत आहे. स्क्रूचे टोक दांड्यावर खड्डा पाडते आणि पुढच्या वेळी जवळचे माप लावू गेले की स्क्रू त्याच खड्ड्यात घसरतो. पाचरीसाठी ठोकळ्याच्या जाडीच्या मध्यात, दांड्याच्या भोकाला आडवी जाणारी ८ मि.मी. रुंदीची खाच करावी. ही खाच भोकाच्या हद्दीत साधारण २ मि.मी. शिरली पाहिजे, पण त्यासाठी दांड्याला खाच करू नये. दांडा अखंडच राहू द्यावा, म्हणजे पाचर आत जाताना त्याच्या अंगावर दाबून बसते. पाचरीचा उतार ८ ला १ च्या आसपास असावा आणि खाचेची बाहेरची भिंत त्याच उताराने तासावी. उतार याहून जास्त झाला तर पाचर धक्क्याने निसटते, कमी झाला तर ती काढताना हातोडी शोधावी लागते. नीट बसलेली पाचर असेल तर गेज एका हातात धरून पाचरीचे जाड टोक बाकड्याच्या कडेवर हलके आपटले की ते घट्ट होते, बारीक टोक आपटले की सुटते, आणि दुसरा हात मोकळा राहतो.

टोकासाठी मोडलेल्या २.५ मि.मी. ड्रिलचा गुळगुळीत भाग वापरावा. दांड्यात २.४ मि.मी. चे भोक पाडून तो दाबून बसवावा आणि दीड मि.मी. पेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. मुख्य गोष्ट अशी की टोक सुईसारखे गोल ठेवू नये. गोल टोक रेषांच्या दिशेने ठीक चालते, पण आडव्या रेषांवर तंतू ओरबाडते. त्याला दगडावर घासून बारीक सुरीचा आकार द्यावा: ठोकळ्याकडच्या बाजूला उतार, पलीकडची बाजू सपाट. उतारावर लाकडाचा दाब येतो, त्यामुळे टोक ठोकळ्यापासून दूर जाऊ पाहते आणि ठोकळा आपोआप फळीच्या कडेला घट्ट ओढला जातो. शिवाय डोव्हटेलच्या तळरेघेला, म्हणजे शेपट्यांच्या बुडाशी येणाऱ्या रेघेला, काढून टाकायचे लाकूड ठोकळ्याच्याच बाजूला असते, म्हणजे रेघेची उभी भिंत हव्या त्या बाजूला शिल्लक राहते आणि पटाशी तिला टेकवून उभी करता येते. पेन्सिलीने हे कधीही साधणार नाही.

आखताना दांडा किंचित कलता ठेवून टोक मागे ओढले जाईल असे धरावे आणि पहिला हात अगदी हलका फिरवावा. पहिल्याच हाताला जोर दिला तर टोक लाकडाच्या रेषेमागे धावते.

सातपूर टूलरूम

कानशीचे उत्तर आणि चाकाविषयी थोडे.

कानस अत्यंत कडक आणि म्हणून ठिसूळ असते. ओटीजीमध्ये २०० ते २२० अंशांवर एक तास ठेवून हवेतच थंड होऊ द्यावी आणि हेच पुन्हा एकदा करावे. आधी एका ठिकाणचे दात घासून चकचकीत पृष्ठ मोकळे करून ठेवावे, म्हणजे रंग पाहता येतो: फिकट गवती पिवळा आला की पुरे, तपकिरी-जांभळ्याकडे जाऊ देऊ नये. ओटीजीच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नये, आत ओव्हनचा वेगळा तापमापक ठेवावा. कानशीवरचे तेल आणि मळ थिनरने पुसून ती पूर्ण कोरडी करूनच आत घालावी, नाहीतर पुढचे काही दिवस केकला कारखान्याचा वास येईल. यानंतर ग्राइंडरवर घासताना मात्र दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवणे आलेच. बोटाला चटका बसू लागला की थांबावे. दातांच्या खुणा सपाट पाठीवरून पूर्ण गेल्या पाहिजेत, एकही चर धारेपर्यंत पोहोचला तर तेथे धारेला खाच राहते.

चाकाचे गेज करायचे असेल तर एक हिशेब आधी करावा. परदेशी गेजचा दांडा गोल आणि बारीक असतो, म्हणून त्याला लहान चाक पुरते. तुमचा दांडा १८ मि.मी. चौरस असल्यामुळे मध्यावर बसवलेले चाक निदान २२ मि.मी. व्यासाचे हवे, तरच ते चारही बाजूंना २ मि.मी. बाहेर येईल. ओएचएनएसच्या (तेलात बुडवून कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाच्या) गजातून लेथवर ३ मि.मी. जाडीची चकती काढून तिच्या एका बाजूला उतार द्यावा आणि मधल्या भोकाला दुसऱ्या, म्हणजे सपाट बाजूने स्क्रूचे डोके बुडेल असा खळगा करावा. डोके पृष्ठाच्या वर राहिले तर चाकाची सपाट बाजू दगडावर टेकवून धार लावता येत नाही, आणि या चाकाला धार त्याच बाजूने लावायची असते. उताराला दगड लावू नये. पाणी देण्यासाठी, म्हणजे कडक करण्यासाठी, चकती गॅसच्या टॉर्चवर चुंबकाला चिकटेनाशी होईपर्यंत आणि त्याहून थोडी अधिक लाल करून तेलात बुडवावी, मग लगेच ओटीजीत २०० अंशांवर ठेवावी. तेल भडकू शकते, म्हणून डबा धातूचा आणि झाकणाचा घ्यावा, आणि हे काम गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांजवळ करू नये.

दांड्याच्या टोकाला लाकडाचे तंतू उभे असतात आणि त्यांत लाकडात घुसणारा साधा स्क्रू फार काळ धरत नाही. तेथे एम४ चे (४ मि.मी. स्क्रूचे) आटे असलेली पितळी नळी अरल्डाइटने बसवून चाक मशिन स्क्रूने आवळावे. अंबडला छोट्या लेथवर अशी चकती कोणीही काढून देईल, मात्र तीन-चार एकदम सांगाव्यात. एका चकतीसाठी यंत्र लावायला कारागीर तयार होत नाही, आणि उरलेल्या चकत्या या धाग्यावरच खपतील.